झेड-इंडेक्सची भांडणं मिटली, दुसरी सुरू झाली

गेली चार वर्षं मी एकच वेब ॲप्लिकेशन सांभाळते. बिलं, पावत्या, मंजुऱ्या असा मामला. त्यात सगळे मिळून २३ मोडल निघाले, म्हणजे पानावर उघडून मागचं काम थांबवणाऱ्या चौकटी. ते उघडणारं जुनं प्लगइन काढायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदा मोजले. 'नक्की डिलीट करायचं?' हा एकच प्रश्न सात वेगवेगळ्या रूपांत विचारलेला, आणि एका ठिकाणी चक्क 'डीलिट'. कुणी लिहिलं म्हणून गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीत पाहिलं, तर मीच.

जुन्या प्लगइनचं नाव घेत नाही, बिचाऱ्याने बरीच वर्षं निभावलं. पण मोडल उघडा असताना टॅब दाबत राहिलं की फोकस, म्हणजे कीबोर्डची निवड, गुपचूप मागच्या पानावर उतरायचा. माउस वापरणाऱ्यांना याचा पत्ताच नव्हता. आमची हिशेबाची मंडळी मात्र माउसला हात लावत नाहीत. एकीने मोडल समोर असताना टॅब, टॅब, एंटर केलं आणि मागचंच 'जमा करा' दाबलं गेलं. एका पावतीच्या दोन नोंदी झाल्या. मग मी ब्राउझरचा स्वतःचा डायलॉग टॅग वापरायला घेतला. त्याला आता सहा महिने झाले.

हा टॅग नवा नाही. क्रोमच्या ३७ व्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ मध्ये तो आला. गंमत म्हणजे अशा खिडक्या उघडणारं जुनं फंक्शन 'शोमोडलडायलॉग' त्याच आवृत्तीत बंद झालं. फायरफॉक्स ९८ आणि सफारी १५.४ मध्ये तो यायला मात्र मार्च २०२२ उजाडला. तोवर जो तो आपापला डिव्ह, म्हणजे साधी रिकामी चौकट, घेऊन मोडल शिवत बसला होता, मीही त्यातलीच.

फुकटात काय मिळतं? डायलॉग उघडणारं 'शोमोडल' फंक्शन बोलावलं की मागचं पान निष्क्रिय होतं. टॅब कितीही दाबा, फोकस फार तर ब्राउझरच्या ॲड्रेस बारपर्यंत जाईल, मागच्या बटणावर नाही. एस्केपने बंद होतो आणि बंद झाल्यावर फोकस ज्या बटणावरून आलो तिथे परत जातो. शिवाय डायलॉग 'टॉप लेअर'मध्ये, म्हणजे पानातल्या सगळ्याच्या वरच्या थरात उघडतो, त्यामुळे कोण कुणाच्या वर दिसणार हे ठरवणाऱ्या आकड्याचा, झेड-इंडेक्सचा, प्रश्नच नाही. आमच्या सीएसएसमध्ये, म्हणजे सजावटीच्या नियमांत, एकाने ९९९९ लावला होता, दुसऱ्याने ९९९९९, तिसऱ्याने त्यावर आणखी एक नऊ चढवला होता. लिलावच चालला होता. तो सगळा मजकूर पुसताना जे समाधान मिळालं त्यासाठीच मी या टॅगला पाचपैकी चार तारे देईन.

एक तारा कापते तो सजावटीच्या पायी. स्वतःचं रूप द्यायला गेलात की खड्डे लागतात. पहिल्याच दिवशी मी डायलॉगलाच 'डिस्प्ले: फ्लेक्स' हा मांडणीचा नियम लावला आणि पान उघडताच सगळे बंद डायलॉग एकाखाली एक हजर! बंद डायलॉग लपवणारा नियम ब्राउझरचा असतो, आपला नियम त्याच्यावर मात करतो. फ्लेक्स आतल्या डिव्हला लावायचं, की झालं. मग सगळे डायलॉग वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले, कारण आमच्या रीसेटमध्ये, म्हणजे ब्राउझरची मूळ सजावट पुसणाऱ्या नियमांत, सगळ्यांचा मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) शून्य होता. 'मार्जिन: ऑटो' परत दिला. मागचं पान स्क्रोल होत राहतं, तेही आपणच थांबवायचं. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम.

खरा वेळ खाल्ला तो बाहेर क्लिक केल्यावर बंद करण्याने. मागच्या काळोख्या भागावरचं क्लिकही डायलॉगवरच नोंदलं जातं, म्हणून मी सरळ लिहिलं: क्लिक थेट डायलॉगवर असेल तर बंद कर. पॅडिंगवरचं, म्हणजे आतल्या मोकळ्या कडेवरचं क्लिकही त्यात सापडतं, म्हणून पॅडिंग आतल्या डिव्हला दिलं. चाचणीत सगळं व्यवस्थित. आठवड्याने हिशेबातून फोन: "अगं, मी काहीच केलं नाही, लिहिता लिहिता ते आपोआप गेलं." मी मनात म्हटलं, एस्केप दाबलं असेल. दुसऱ्यांदा फोन आल्यावर शेजारी जाऊन बसले. तिने शेऱ्याच्या चौकटीतला मजकूर उजवीकडून डावीकडे ओढत निवडला, माउस चौकटीच्या, मग डायलॉगच्याही बाहेर गेला आणि तिथे बोट सुटलं. बटण दाबलं चौकटीत, सोडलं बाहेर. अशा वेळी ब्राउझर क्लिक दोन्ही जागांच्या सामाईक पूर्वजाच्या, म्हणजे दोघांना सामावणाऱ्या घटकाच्या नावावर टाकतो, म्हणजे डायलॉगच्याच. माझ्या कोडने इमानदारीत दार लावलं आणि दहा ओळींचा शेरा गेला. आता माउस कुठे दाबला तेही लक्षात ठेवते, आणि जिथे काही लिहायचं असतं तिथे बाहेरच्या क्लिकने बंद करणं काढूनच टाकलं. तिची माफीही मागितली.

ॲनिमेशनबद्दल विचाराल तर उघडतानाचं सोपं आहे, बंद होतानाचं जरा खटपटीचं. मी दोन्ही काढली. जो माणूस दिवसात पन्नास पावत्या मंजूर करतो त्याला खिडकी तरंगत आलेली बघायची हौस नसते.

टॉप लेअरची एक बाजू मात्र आधी माहीत हवी. 'जतन झालं' म्हणणारी आमची छोटी पट्टी बॉडीला, म्हणजे मुख्य पानाला जोडलेली होती, ती डायलॉगच्या मागे दडली. झेड-इंडेक्स कितीही वाढवा, उपयोग नाही. ती उचलून डायलॉगच्या आत नेली. तारखांचं कॅलेंडर मात्र ऐकेना. ते स्वतःला बॉडीलाच चिकटवतं, दुसरीकडे चिकटवायची सोय त्यात नाही, आणि मागे राहिलं की निष्क्रियही होतं. एकच तारीख हवी तिथे ब्राउझरचा साधा तारखेचा इनपुट लावला. 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत'वाला मोडल अजून जुन्या प्लगइनवरच आहे, २३ पैकी तेवढा एक. पुढच्या महिन्यात बघते म्हणून तीन महिने झाले.