के-३१: स्विस सैन्याची जुनी रायफल, एका मोसमाच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. तीनशे मीटरची चांदमारी जवळ असेल आणि तिची खास जीपी-११ काडतुसं मिळत असतील, तर वापरलेली के-३१ डोळे झाकून घ्या. या पैशांत इतकी नेमकी रायफल दुसरी मिळणार नाही. या दोन्हींतलं एकही नसेल तर दुसरं काहीतरी बघा. ही रायफल सुटी वस्तू म्हणून बनलेलीच नाही. काडतूस, माशी (नळीच्या टोकावरची, नेम धरायची खूण), अंतर आणि पालथं झोपून नेम धरणारा माणूस, हे सगळं एकत्र धरून ती घडवली आहे, आणि त्यातलं एक काढलं की उरलेल्याची रया जाते.

मी मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं स्वित्झर्लंडच्या आरगाउ कँटनमध्ये (इथलं राज्य), बाडेनजवळ राहते. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टूची छोटी रायफल चालवली होती, तेवढंच भांडवल. इथलं नागरिकत्व मिळाल्यावर गावातल्या नेमबाजी मंडळात नाव घातलं. पहिल्यांदा मंडळाची रायफल वापरत होते, मग वाटलं स्वतःची हवी. मंडळातले बहुतेक तरुण सैन्याची स्वयंचलित रायफल घेऊन येतात, कारण ती त्यांना सेवेत मिळालेलीच असते. म्हातारी मंडळी मात्र 'काराबिनर' सोडत नाहीत. हाच तो काराबिनर, मॉडेल १९३१, म्हणजे के-३१.

थोडा इतिहास, कारण खरेदी करताना तो उपयोगी पडतो. बर्नच्या सरकारी शस्त्र कारखान्यात कर्नल आडोल्फ फुरर यांच्या देखरेखीखाली ही रायफल तयार झाली. नावात १९३१ असलं तरी मोठ्या प्रमाणावर उत्पादन १९३३ मध्ये सुरू झालं आणि १९५८ पर्यंत चाललं. एकूण सव्वापाच लाखांहून जास्त बनल्या. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ राहिला, तरी देशभरचे नागरिक-सैनिक वर्षानुवर्षं सीमेवर आणि आल्प्समध्ये उभे होते, ते हीच घेऊन. म्हणून बहुतेक के-३१ ची अवस्था चमत्कारिक असते: दस्ता मारामारीतून आल्यासारखा, आणि नळी आतून आरशासारखी. लढाई झालीच नाही, गोळ्या मोजून झाडल्या, साफसफाई मात्र शिस्तीने. दस्त्याचा खालचा भाग जवळजवळ नेहमीच काळवंडलेला आणि टवके उडालेला दिसतो. बर्फात आणि चिखलात रायफली उभ्या रचून ठेवल्याने असं झालं, असं म्हणतात. कारण काहीही असो, त्या टवक्यांकडे बघून रायफल नाकारू नका.

माझी १९४३ ची आहे, अक्रोडाच्या लाकडाची. युद्धानंतरच्या बहुतेक बीच लाकडाच्या असतात. बीच दिसायला फिकट, पण नेमात काही फरक नाही. अक्रोडासाठी जादा पैसे देणं हा निव्वळ हौसेचा मामला. मला दोनशे फ्रँकच्या आत मिळाली. घेताना मी चार गोष्टी पाहिल्या. नळी, बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा) आणि मुख्य सांगाडा यांवरचे क्रमांक जुळतात का. मॅगझिनवर त्याच क्रमांकाचे शेवटचे आकडे आहेत का. नळीच्या तोंडाची कड शाबूत आहे का. आणि बोल्ट मागे ओढताना कुठे अडकतो का. तोंडाची कड सर्वांत महत्त्वाची. सैनिक पुढच्या बाजूने साफसफाईची सळई घालत, आणि तोंडावर संरक्षक टोपण न लावता घातली की हळूहळू कड झिजते. दस्ता कितीही सुंदर असो, ही कड गेलेली रायफल घेऊ नये. सांगाड्यावर 'पी' हे अक्षर ठोकलेलं असेल तर घाबरू नका. सेवा संपल्यावर सैनिकाला ती खाजगी मालकीची म्हणून मिळाली, एवढाच त्याचा अर्थ.

कागदपत्रांबद्दल भारतातल्या लोकांचे भलतेच समज असतात, दोन्ही टोकांचे. इथे बंदूक किराणा दुकानात मिळत नाही, आणि हाताने भरायच्या जुन्या सैनिकी रायफलीसाठी वर्षभर कचेरीचे खेटेही घालावे लागत नाहीत. स्विस नागरिकाला किंवा कायम वास्तव्याचा 'सी' परवाना असलेल्याला के-३१ साठी वेगळा खरेदी परवाना लागत नाही. लेखी करार करायचा, ओळखपत्र दाखवायचं, विक्रेत्याने कराराची प्रत ३० दिवसांत कँटनच्या शस्त्र कचेरीला पाठवायची, आणि दोघांनी तो कागद दहा वर्षं जपून ठेवायचा. गुन्हेगारी नोंद नसल्याचा दाखलाही बहुतेक जण मागतात, आणि मागावाच. वास्तव्याच्या 'बी' परवान्यावर असलेल्यांना मात्र आधी शस्त्र खरेदीचा परवाना काढावा लागतो; आपल्याकडून नोकरीसाठी नवीन आलेले बहुतेक जण यातच मोडतात. २०१९ च्या मे महिन्यात शस्त्र कायद्यावर जनमत झालं आणि सुमारे ६४ टक्के लोकांनी कडक नियमांच्या बाजूने कौल दिला. त्याचा रोख अर्धस्वयंचलित बंदुका आणि मोठ्या मॅगझिन्सवर होता. के-३१ त्यात येत नाही.

आता यंत्राकडे. भारतात ज्यांनी थ्री-नॉट-थ्री हाताळली आहे त्यांना बोल्ट कसा चालतो ते माहीत असतं: मूठ वर, मागे, पुढे, खाली. के-३१ मध्ये वर-खाली नाही. मूठ सरळ मागे ओढायची, सरळ पुढे ढकलायची. मुठीला जोडलेली खुंटी बोल्टच्या पिळदार खाचेत सरकते आणि बोल्ट आपोआप फिरून सुटतो किंवा अडकतो. स्विस लोकांनी हा प्रकार १८८९ च्या रायफलीपासून चालवला होता, पण तिचा बोल्ट फार लांब होता. फुरर यांनी अडकणारे दाते बोल्टच्या पुढच्या टोकाला आणले, बोल्ट आखूड केला, आणि वाचलेली जागा नळीला दिली. त्यामुळे आधीच्या १९११ च्या काराबिनरएवढ्याच लांबीत हिची नळी सहा सेंटिमीटर जास्त आहे.

वापरताना याचा अर्थ असा, की झोपलेल्या स्थितीत खांद्यावरून दस्ता न हलवता पुढची गोळी भरता येते. मात्र मूठ ओढायची तर ठामपणे ओढा. हळूवार, घाबरत ओढली की पुंगळी नीट बाहेर पडत नाही, आणि घड्याळ लावून झाडायच्या फैरीत हेच नडतं. माझी उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. सुरुवातीला जोर कमी पडत होता. मंडळातल्या एका आजोबांनी सांगितलं, "मनगटाने नको, कोपराने ओढ." तेव्हापासून तक्रार नाही. डावखुऱ्यांना मात्र ही रायफल गैरसोयीची आहे, हे आधीच सांगून ठेवते.

बोल्टच्या मागे एक कडी दिसते, ती केवळ शोभेची नाही. तीच सेफ्टी. मागे ओढून फिरवली की चाप निकामी. काडतूस फुटलं नाही तर बोल्ट न उघडता तीच कडी मागे ओढून पुन्हा घोडा चढवता येतो. हातमोजे घालूनही चालते, हे फेब्रुवारीत कळतं.

चाप दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा मऊ, मग स्पष्ट अडथळा, मग काचेची काडी तुटावी तसा तुटतो. ऐंशी वर्षांच्या लष्करी बंदुकीला असा चाप असावा, याचं मला अजून नवल वाटतं.

काडतुसाचं नाव जीपी-११, माप ७.५ बाय ५५ मिलिमीटर. गोळी ११.३ ग्रॅमची, मागे निमुळती, आणि नळीतून साधारण ७८० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. नावातलं ११ म्हणजे १९११, तेव्हापासून हेच काडतूस. तुन गावच्या कारखान्यातलं दशकांपूर्वीचं काडतूसही आज एकसारखं उडतं, आणि त्याने नळीला गंज चढत नाही. दुसऱ्या कंपन्यांची या मापाची काडतुसं मी वापरून पाहिली. वाईट नाहीत, पण तीनशे मीटरवर लक्ष्यावरच्या गोळ्यांचा पुंजका पसरतो आणि बोल्टही थोडा जड चालतो. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचा विचार असेल तर जीपी-११ त्या कामाची नाही. तिच्या बुडाला मध्ये एक भोक नसून दोन बारीक भोकं असतात, त्यामुळे जुनी टोपी (दारू पेटवणारी) काढणं कटकटीचं होतं. मंडळात सवलतीत मिळणारी काडतुसं तिथेच झाडायची असतात, घरी न्यायची नाहीत. मला हा नियम आवडतो.

आता अंतराबद्दल, कारण खरा मुद्दा तोच. ही रायफल शंभर मीटरवर झाडून काही जण नाराज होतात, कारण गोळी वर लागते. लागणारच. इथल्या 'ए' लक्ष्याचा काळा गोल ६० सेंटिमीटरचा असतो, आणि उघड्या माशीने नेम धरायचा तो गोलाच्या मध्यावर नाही, तर काळा गोल माशीच्या टोकावर टेकलाय असा. माझ्या रायफलीची माशी त्याच हिशेबाने बसवलेली आहे. म्हणजे तीनशेवर गोळी नेमाच्या तीस सेंटिमीटर वर जाते आणि मध्यात बसते. तोच टप्पा ठेवून शंभरवर झाडली तर वीतभर वर लागते. नेम धरायच्या मागच्या पट्टीवर शंभर ते पंधराशे मीटरचे आकडे आहेत. मला तीनशेखेरीज एकाचीही गरज पडलेली नाही. डावी-उजवी चूक काढायला माशी तिच्या खाचेत सरकवावी लागते, त्यासाठी वेगळं हत्यार येतं. हातोडीने ठोकू नका. उंचीसाठी वेगळ्या मापाची माशीच बदलतात.

मोसमात वार्षिक सक्तीचा कार्यक्रम असतो. सैनिकांना सक्तीचा, मला ऐच्छिक. २० गोळ्या, कमाल ८५ गुण, उत्तीर्ण व्हायला ४२. पहिल्या पाच गोळ्या गोल लक्ष्यावर, बाकीच्या 'बी' लक्ष्यावर. ते लक्ष्य म्हणजे झाडीच्या रंगातला माणसाचा धड-डोकं आकार, आणि तो पार्श्वभूमीत असा विरघळतो की तीनशे मीटरवर आधी शोधावा लागतो. उघड्या माशीची खरी परीक्षा इथे. गोल लक्ष्यावर मला कधी अडचण आली नाही, 'बी'वर येते. मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला फेल्डशीसेन, म्हणजे देशभरचा नेमबाजीचा मेळा, १८ गोळ्या, कमाल ७२ गुण. देशभर लाखाहून जास्त लोक त्यात उतरतात आणि नंतर लांब बाकांवर बसून सॉसेज खातात. जत्राच म्हणा. आमच्या गावात शेतकरी, बँकेतली बाई, शाळेतले मास्तर आणि मी एका रांगेत पालथे पडलेलो असतो.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. दस्त्याच्या टोकाला लोखंडी पट्टी आहे, रबर नाही. रायफल चार किलोची असल्याने धक्का फार नाही, पण उन्हाळ्यात पातळ कुर्ता-टीशर्टवर वीस गोळ्या झाडल्या की खांदा बोलतो. जाड जाकीट घाला. कानाला चांगलं संरक्षण हवंच. इथे सैन्याच्या कानटोप्यांना सगळे 'पामिर' म्हणतात, मी त्याच्या आत फोमचे बोळेही घालते. चाळिशीनंतर नेम धरायच्या पट्टीतली मागची खाच धूसर दिसायला लागते, त्याला इलाज नाही. इलाज आहे, तो म्हणजे मागे बसवायचं बारीक भोकाचं डायऑप्टर. पण चांगलं डायऑप्टर रायफलीपेक्षा महाग पडतं. मी मंडळातल्या एकाचं उसनं लावून पाहिलं, गुण वाढले, हे कबूल करावं लागेल. दुर्बीण मात्र मी लावणार नाही. पुंगळी वरच्या बाजूने उडते म्हणून दुर्बीण बाजूला सरकवून बसवावी लागते, गाल दस्त्यावर टेकत नाही, आणि मंडळाच्या स्पर्धांत ती चालतही नाही. मग कशासाठी?

दस्त्याची लोखंडी पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढली तर आत पुष्कळदा कागदाची चिठ्ठी सापडते: सैनिकाचं नाव, तुकडी, कधी गाव. माझ्या रायफलीत होती. नाव इथे लिहीत नाही. चिठ्ठी पुन्हा जागेवर ठेवली, तुम्हीही ठेवा. विक्रीच्या वेळी ती गायब असली की रायफलीची किंमतही कमी होते.

साफसफाई सोपी. उजव्या बाजूची कळ दाबली की बोल्ट मागून निघतो आणि हत्याराशिवाय सुटा होतो. नळीत सळई मागून घाला, म्हणजे तोंडाची चिंताच नको. बोल्टच्या पिळदार खाचेत ग्रीसचं बोट. घरात मूल असल्यामुळे मी बोल्ट वेगळ्या कुलपात ठेवते. चांदमारीला जाताना मॅगझिन रिकामं, काडतुसं वेगळी, हा कायदाच आहे. रायफलीची पिशवी खांद्याला लावून ट्रेनमध्ये बसलं तर इथे कोणी मान वळवून बघत नाही. आई मात्र व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, भरतनाट्यम् शिकायचं वय गेलं म्हणून हे?"

गणपतीच्या जेवणात दरवर्षी कोणीतरी विचारतं, परत जाताना ही भारतात नेता येईल का. नाही. आपल्याकडे खाजगी माणसाला अशी लष्करी रायफल आणणं जवळजवळ अशक्य आहे, आणि आणली तरी काडतूस कुठून आणणार, तीनशे मीटरवर झोपणार कुठे? कोल्हापूरकडे नेमबाजीचं वेड कमी नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य. पण दोन्ही ५० मीटरवर, पॉइंट टू-टूने. तो खेळ वेगळा, हा वेगळा. माझी के-३१ इथेच राहील. पुढच्या मोसमाआधी एका मापाने उंच माशी बसवून घ्यायची आहे, कारण उन्हाळ्यात गोळ्या थोड्या वर जायला लागल्या होत्या.