अ‍ॅस्पर लावावा की बालकोवा?

कुंपणाकडेला उंच बांबू लावायचाय, पण या दोघांत मन अडकलंय, असं बरेच जण विचारतात. रोपांच्या जाहिरातींतले उत्पन्नाचे आकडे बाजूला ठेवू.

उंचीत अ‍ॅस्पर पुढे: चांगल्या जमिनीत 20 ते 30 मीटर. बालकोवा साधारण 15 ते 25. पण अ‍ॅस्परला ओल लागते, खोल माती लागते. पाण्याचा ताण बालकोवाच जास्त सोसतो.

कोंब खायचे असतील तर मात्र अ‍ॅस्परच. माझा जीव त्याच्यावर आहे, हे लपवत नाही. कोवळ्या काठीवर तपकिरी मखमली लव असते, हात फिरवला की बोटांना जाणवते. कोंब चवीला गोडसर, तरी उकळून ते पाणी फेकून दिल्याशिवाय खाऊ नयेत.

बांधकामाला दोन्ही जाड भिंतीचे, मजबूत. बालकोवाच्या खालच्या पेरांवरच्या फांद्या कडक, काटेरी, तोडताना ओरबाडतात. काठी कुठलीही असो, तीन वर्षांची झाल्यावरच तोडा आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवा. नाहीतर आतल्या स्टार्चवर (पिठूळ अंशावर) भुंगेरे येतातच.

बालकोवाला उगवणारं बी धरत नाही. त्याचं 'बी' कुणी विकत असेल तर घेऊ नका. कंद, फांदीचे कलम किंवा टिश्यू कल्चरचीच रोपं घ्या.

पाणी भरपूर आणि कोंबांची आवड असेल तर अ‍ॅस्पर. पाणी बेताचं आणि मुख्य गरज मजबूत काठ्यांची असेल तर बालकोवा.