घडीचा चाकू घेताना : खिट्टीचा, कडीचा की साध्या स्प्रिंगचा?

माझा भाचा पीथमपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो आणि दुसरी पाळी संपली की रात्री उशिरा राऊमार्गे इंदूरला परततो. गेल्या दिवाळीत त्याने मला विचारले की रोज खिशात बाळगता येईल आणि वेळ आलीच तर संरक्षणालाही उपयोगी पडेल, असा घडीचा चाकू कोणता घ्यावा. हा प्रश्न त्याने मलाच विचारला, कारण गेली वीस-बावीस वर्षे माझ्या खिशात कोणता ना कोणता चाकू असतो आणि या काळात तिन्ही प्रमुख जातींचे चाकू मी प्रत्येकी काही वर्षे रोज वापरून पाहिले आहेत. त्याला दिलेले उत्तर इथे थोडे विस्ताराने लिहीत आहे. पाते कोणत्या पोलादाचे, वजन किती ग्रॅम, ही माहिती खोक्यावर छापलेली असते आणि चाकूच्या शोधात असलेल्या माणसाने ती आधीच वाचलेली असते. त्यामुळे तिच्यात शिरत नाही.

निवड तिघांतून करायची आहे. पहिला म्हणजे एका हाताने उघडणारा, आत खिट्टी असलेला लायनर लॉकचा चाकू. दुसरा लाकडी मुठीचा, जो उघडल्यावर मानेवरची धातूची कडी फिरवून पक्का करतात. फ्रान्समधल्या साव्हुआ प्रांतात १८९० मध्ये सुरू झालेल्या ओपिनेलने ही घडण जगभर नेली. तिसरा म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘स्विस चाकू’ म्हणतो तो, नखाने खाचेत धरून उघडायचा, खिट्टी नसलेला, पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर पाते उघडे राहणारा.

लायनर लॉकबद्दल आधी चांगले ते सांगतो, कारण पहिल्या दोन वर्षांत मी त्याच्या अगदी प्रेमात होतो. मुठीच्या आतल्या पत्र्याचीच एक पट्टी कापून ती किंचित वाकवलेली असते. पाते पूर्ण उघडले की ही पट्टी आत सरकून पात्याच्या बुडाला टेकते आणि मग पाते मागे येऊ शकत नाही. कल्पना जुनी असली तरी तिचे आजचे रूप १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने दिले. डाव्या हातात पिशवी असताना उजव्या हाताच्या अंगठ्याने चाकू उघडता येतो, ही सोय लहान नाही. मात्र तो मिटताना अंगठ्याने पट्टी बाजूला दाबावी लागते आणि त्या क्षणी अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची एक बारीक पांढरी रेघ आहे. शिवाय खिशातल्या कापडाची लव त्या पट्टीखाली साचते आणि पट्टी पूर्ण सरकत नाही, म्हणून दर महिन्याला दात कोरायच्या काडीने ती काढावी लागते. या दोन्ही गोष्टी सांभाळून घेता येतात, आणि मी त्या सांभाळल्याही.

सांभाळता आला नाही तो त्याचा आवाज. पाते जागेवर बसताना होणारा तो कोरडा ‘खट्’ चाकू विकत घेताना दुकानात फार आश्वासक वाटतो. घरात मात्र तो तसा वाटत नाही. इंदूरच्या रामबागेत माझ्या आत्याकडे गणपतीचे मखर बांधत होतो आणि तोरणाची सुतळी कापायची होती, म्हणून मी सवयीने चाकू काढून एका हाताने उघडला. बोलणे तिथेच थांबले. आत्याची पाच वर्षांची नात फुलांच्या परडीशेजारी बसली होती, ती उठून आजीच्या पदराआड गेली. आत्या ऐंशीच्या घरात, तिने माझ्याकडे न पाहता चाकूकडे पाहिले आणि म्हणाली, “ते आधी आत ठेव. सुतळीला विळी आहे घरात.” सुतळी विळीवरच कापली गेली. त्यानंतर मी लक्ष देऊन पाहू लागलो, तेव्हा हेच सगळीकडे घडत असल्याचे दिसले. सियागंजच्या बाजारात मालाच्या खोक्याची पट्टी कापताना हमाल एक पाऊल मागे सरायचा. रेल्वेत संत्रे सोलायला चाकू उघडला की समोरच्या बाकावरची बाई मुलाला जवळ ओढून घ्यायची. ज्या वस्तूचा उपयोग दिवसातून पाच वेळा चारचौघांत करायचा आहे, ती प्रत्येक वेळी समोरच्याला दचकवत असेल, तर हळूहळू आपण ती खिशातून काढेनासे होतो. माझे तसेच झाले. चाकू खिशात असायचा आणि पाकिटे मी किल्लीने फोडायचो.

या आवाजामागे आपल्याकडे एक इतिहास आहे आणि कायदाही आहे. खटक्याचा चाकू म्हटले की रामपुरी आठवतो आणि रामपुरी म्हटले की मारामारी. लोकांच्या मनातली ही सांगड एखाद्या सभ्य माणसाच्या खिशातल्या सभ्य चाकूने सुटत नाही. कायद्याच्या अंगाने पाहिले तर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मध्य प्रदेश शासनाने १९७४ मध्ये काढलेली अधिसूचना इथल्या प्रत्येक खरेदीदाराने ध्यानात ठेवावी. तिच्यानुसार ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाहीत आणि स्प्रिंगने उघडणारा चाकू तर, त्याचे पाते कितीही लहान असो, बाळगता येत नाही. अंगठ्याने सरकवून उघडायचा साधा लायनर लॉक हा स्प्रिंगने उघडणारा चाकू नव्हे, हे मला पटते. परंतु बाजारात त्याच रूपाचे असे चाकू मिळतात की पाते थोडे ढकलले की आतली स्प्रिंग उरलेले काम करते, आणि ते हातात घेतल्याशिवाय ओळखू येत नाहीत. रात्री साडेबाराला नाक्यावर गाडी थांबवलेल्या शिपायाला हा भेद समजावून सांगण्याची पाळी माझ्या भाच्यावर यावी, असे मला वाटत नाही.

आता संरक्षणाचा प्रश्न. याविषयी मी त्याच्याशी स्पष्टच बोललो आणि इथेही तसेच लिहितो. स्वतःच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण बचावाला आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. आणि हातात पाते असले की ‘आवश्यक तेवढे’ कुठे संपते हे घाबरलेल्या माणसाला कळत नाही. खिशातून काढायचा, उघडायचा, नीट धरायचा, एवढा अवकाश समोरचा माणूस देत नाही. दिलाच, तर तेवढ्या वेळात पळता येते. चाकू बाहेर आला की साध्या हिसकाहिसकीचे रूपांतर जिवावरच्या प्रसंगात होते, आणि तो चाकू हिसकावून घेतला गेला तर पुढचे सांगायलाच नको. म्हणून संरक्षणाची अपेक्षा चाकूवरून काढून एका चांगल्या टॉर्चवर आणि मोठ्या आवाजाच्या शिट्टीवर ठेवावी, रस्ता उजेडाचा निवडावा आणि ११२ हा क्रमांक हाताशी ठेवावा. ही अपेक्षा एकदा बाजूला झाली की तिन्ही चाकूंची तुलनाच बदलते, कारण खिट्टीचा आणि एका हाताने झटकन उघडण्याचा जो मोठेपणा सांगितला जातो, त्यातला बराचसा भाग त्या अपेक्षेवरच उभा असतो.

लाकडी मुठीच्या चाकूविषयी मला मनापासून जिव्हाळा आहे. त्याची घडण इतकी साधी आहे की बिघडायला जागाच नाही : पाते, मूठ, एक खिळा आणि ती फिरती कडी, जी ओपिनेलने १९५५ मध्ये आणली. पाते पातळ असते, त्यामुळे हापूसची फोड असो की जाड पुठ्ठा, धार आत शिरते ती अडखळत नाही. कापण्याच्या बाबतीत, निदान माझ्या हाताला, तिघांत हाच सरस वाटला. कडी फिरवली की पाते पक्के होते आणि मिटवताना बोट धारेच्या वाटेत येत नाही. माझ्याजवळचा चाकू ओपिनेलचा नाही, त्या धर्तीवर दुसऱ्या एका कारखान्याने केलेला आहे, आणि त्याने मला पावसाळ्यात अडवले. जुलैत जानापावच्या डोंगरावर दिवसभर भिजून उतरल्यावर काकडी कापायला चाकू काढला, तर मुठीचे लाकूड फुगून पाते खाचेत असे घट्ट बसले होते की नख लागेना. शेवटी मुठीचे बूड दगडावर हलके आपटून ते बाहेर काढावे लागले. लाकूड आहे म्हटल्यावर ते पाणी पिणारच. त्यानंतर मूठ आठवडाभर जवसाच्या तेलात ठेवून वाळवली, तेव्हा पुष्कळ फरक पडला, तरी आषाढ-श्रावणात मी तो घरीच ठेवतो. साध्या कार्बन पोलादाचे पाते घेतले असेल तर कैरी किंवा लिंबू कापून लगेच पुसावे लागते, नाहीतर ते काळवंडते आणि फोडीलाही लोखंडाची चव येते.

राहिला तिसरा. कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडमध्ये १८८४ साली आपला कारखाना काढला आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. त्याच कारखान्याचा, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिनॉक्सचा, मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणारा चाकू हा त्याचाच वंशज आहे. त्याचे पाते लहान, त्याला खिट्टी नाही आणि तो उघडायला दोन हात लागतात. कागदावर पाहिले तर तो तिघांत मागे पडावा. खिट्टी नसल्याचा धोका खराच आहे, आणि तो मी लपवत नाही : या जातीच्या एका चाकूने चपलेच्या पट्ट्याला भोक पाडताना टोकावर जोर दिला, तेव्हा पाते उलटे फिरून बोटांवर आले होते, आणि बोट वाचले ते केवळ मी हात वेळेवर काढला म्हणून. पण त्या दिवसापासून माझा हात शिकला की चाकूने कापायचे असते, खुपसायचे नसते आणि उचकटायचेही नसते. खिट्टीचा चाकू हातात असताना मी त्याच्याकडून डब्याची झाकणे उघडून घेत होतो, स्क्रू फिरवून घेत होतो, आणि एकाचे टोक त्यातच तुटले.

मात्र त्याच्याकडे पारडे झुकले ते दुसऱ्याच कारणाने. तो उघडताना कोणी दचकत नाही. नखाने पाते हळूच वर घ्यायचे, शेवटी एक बारीक ‘टक्’ होतो, आणि समोरच्याला तो कंपासपेटीतल्या वस्तूसारखा वाटतो. पुढच्या वर्षी त्याच मखरापाशी आत्या वस्त्रमाळेचा दोरा दोन बोटांत ताणून धरून बसली होती. मी चाकूतली छोटी कात्री उघडून तिच्या हातात दिली, तर तिने दोरा कापला, कात्रीची धार अंगठ्याने चाचपली, आणि आरती होईपर्यंत चाकू आपल्याच मांडीवर ठेवला. नातीने त्यातला चिमटा ओढून काढला आणि दुर्वा निवडायला घेतला. त्या दिवसापासून खिशात हाच आहे, आणि दिवसाकाठी तो पाच-सात वेळा तरी बाहेर येतो.

धारेचे एवढेच सांगतो की सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे स्वयंपाकघरातली सुरी द्यावी, हा चाकू देऊ नये. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते आणि तिचे पाणी उतरते. ओला सहाणेचा दगड आणि पंधरवड्यातून दहा मिनिटे पुरतात. सांध्यात खोबरेल घालण्याची चूक मी एकदा केली. इंदूरच्या थंडीत ते गोठले आणि तिन्ही चाकू एकाच सकाळी जड झाले. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन एक थेंब पुरते. विमानाने जाणार असाल तर चाकू कोणताही असो, तो सोपवायच्या सामानात घालावा. हातातल्या पिशवीत राहिला तर देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरच त्याचा निरोप घ्यावा लागेल.

ज्यांचे काम शेतात किंवा बागेत आहे, फांद्या छाटायच्या आहेत, दोर कापायचे आहेत, त्यांनी कडीचा चाकू घ्यावा असे मी म्हणेन. तिथे पात्याची लांबी आणि पक्केपणा दोन्ही लागतात. एक हात कायम गुंतलेला असणाऱ्या वायरमनला किंवा गिर्यारोहकाला लायनर लॉक सोयीचा पडेल, फक्त घेताना पाते अगदी सावकाश सरकवून पाहावे आणि ते मध्येच स्वतःहून पुढे उसळले तर तो काउंटरवर परत ठेवावा. माझ्या भाच्याने दोन दिवस विचार करून लहान स्विस चाकू घेतला, आणि शिट्टी मी त्याच्या पिशवीच्या पट्ट्याला माझ्या हातांनी बांधून दिली.