डिमेन्शियासाठी घरी येणारी समुपदेशन सेवा, फोंडा परिसर: चार तारे

सासूबाईंच्या डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, उपचार बांबोळीच्या इस्पितळात चालू आहेत. ही सेवा मी घेतली ती माझ्यासाठी. तिन्हीसांज झाली की सासूबाई लुगड्याच्या घडीत देवघरातली समई गुंडाळतात आणि "मला माझ्या घरी सोड" म्हणत दाराशी उभ्या राहतात. लग्न होऊन ज्या घरात आल्या तेच घर त्यांना परकं झालंय. ते मी निभावत होते. पण चवथीला नणंदबाई आल्या आणि "आमच्याशी तर आई किती छान बोलली" म्हणाल्या, ते मनाला फार लागलं.

समुपदेशक ताईंनी आल्या आल्या सासूबाईंशी गप्पा मारल्या, मग मला विचारलं, "रात्री कोण उठतं?" आंघोळ, गोळ्या, रात्रीचं जागरण, बँक अशी कामं कागदावर मांडून प्रत्येकापुढे करणाऱ्याचं नाव लिहायला लावलं. बँक सोडली तर सगळीकडे माझंच. तो कागद त्यांनी मिस्टरांच्या हातात दिला आणि मुंबईच्या भावोजींना तिथूनच व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. घटकाभर आलेल्या पाहुण्यांपुढे असे रुग्ण पुष्कळदा सावरून बोलतात आणि चिडचिड मात्र चोवीस तास जवळ असलेल्या माणसावर निघते, हे त्यांनी सगळ्यांना नीट समजावलं. मी सांगितलं असतं तर ती सुनेची तक्रार ठरली असती.

घरी जाऊन कुटुंबाला आधार देण्याचा प्रयोग गोव्यातच झालेला आहे. दोन तालुक्यांतल्या 81 कुटुंबांचा तो अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला, आणि काळजी घेणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य त्यात सुधारलेलं दिसलं. मला त्याचं नवल वाटत नाही. आता सासूबाईंकडे बघायला बाई आहे, तिचा पगार भावोजी देतात. नणंदबाई शनिवारी मुक्कामाला येतात, आणि मी सावईवेऱ्याला माहेरी जाऊन रात्रभर झोपते. त्यांनीही एकदा ती संध्याकाळ स्वतः पाहिली. तेव्हापासून फोनवर आधी "तू जेवलीस का?" विचारतात.

एक तारा कमी का, तेही सांगते. भेटी फक्त सकाळच्या, तेही कामाच्या दिवशी. नोकरीवाल्यांना रजा काढावी लागते. सूचनांचा कागद इंग्रजीत होता, सासऱ्यांसाठी तो मला मराठीत उतरवावा लागला.

नाव नोंदवणार असाल तर पहिल्याच भेटीला दीर, नणंदा, भाऊ, सगळ्यांना बसवा. लांब असतील तर फोनवर घ्या, पण एकट्या सुनेला किंवा मुलीला पुढे करू नका.