वाढत्या अंगाचा पोल घेऊ नका: 3.65 मीटर, 120 पौंडी यूसीएस स्पिरिटचं परीक्षण

शाळेचा गणवेश घ्यावा तसा पोल व्हॉल्टचा पोलही (धावत येऊन टेकवायची आणि तिच्या आधाराने आडव्या बारवरून उडी मारायची लवचीक काठी) ‘वाढत्या अंगाचा’ घेण्याची आपल्याकडे खोड आहे. मुलगी आज 46 किलोची आहे, दोन वर्षांत 55 ची होईल, मग आत्ताच जास्त वजनासाठीचा 140 पौंडी घेऊन ठेवू, पैसे वाचतील. गणवेशाची बाही दुमडता येते, पोलला ती सोय नाही. कडक पोल वाकला नाही तर तो सरळ उभाच होत नाही आणि मुलगी गादीकडे जायच्या ऐवजी उलटी रनवेवर (धावायच्या पट्टीवर), नाहीतर बॉक्सवर (पोलचं टोक टेकवायच्या जमिनीतल्या पत्र्याच्या खाचेवर) येते. या खेळातली वाईट दुखापत बहुतेक तिथेच होते.

म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. यूसीएस स्पिरिट हे पोल अमेरिकेत नेवाडातल्या कार्सन सिटीचे. त्यातला 3.65 मीटर (म्हणजे 12 फूट), 120 पौंडी पोल 50 ते 54 किलोच्या, दहा-बारा पावलांची धाव पक्की झालेल्या मुलीसाठी फार चांगला. टेक-ऑफला पाय अजून अडखळतो, पोल बॉक्समध्ये टेकवताना हात डोक्याच्या मागे राहतात, अशा मुलीला तो देऊ नका. तिला 3.20 किंवा 3.35 चा हलका पोल हवा. तोही नसेल तर गवतावर किंवा वाळूत साध्या बांबूवर, पोल न वाकवता मारायच्या सरळ उड्या मारू द्या, त्यात काही कमीपणा नाही.

पोलवरचे तीन आकडे वाचता आले पाहिजेत. पहिला लांबीचा. दुसरा वजनाचा, आणि तो पौंडात असतो: 120 पौंड म्हणजे 54.4 किलो. उडी मारणाऱ्याचं वजन याच्या वर नको. हा आकडा पकड वरच्या टोकापासून साधारण 15 सेंटीमीटरवर आहे असं धरून दिलेला असतो, आणि गोंधळ इथेच होतो. पकड खाली आणली की तोच पोल कडक लागतो. 46 किलोच्या मुलीने 140 पौंडी पोल खालच्या टोकापासून 3.20 मीटरवर धरला, तर वजन कमी आणि पकड खाली असा दोन्हीकडून मार बसतो.

तिसरा आकडा फ्लेक्सचा. पोल दोन टेकूंवर आडवा ठेवून मध्ये 50 पौंडांचं (22.7 किलो) वजन टांगतात आणि तो किती सेंटीमीटर खाली झुकला ते मोजतात. आकडा लहान तर पोल कडक. टेकूंमधलं अंतर प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, त्यामुळे एका कंपनीचा फ्लेक्स दुसरीच्या फ्लेक्सशी ताडून बघण्यात अर्थ नाही. दोन कंपन्यांचे पोल मिसळून संच करायचा मोह म्हणूनच टाळा.

वापराचं गणित असं. बॉक्स 20 सेंटीमीटर खोल असतो, म्हणजे 3.30 वरची पकड जमिनीपासून 3.10 वर येते. मुलगी गादीच्या मध्याच्याही पुढे पडते आहे, बारचे स्टँड मागे 80 सेंटीमीटरवर नेले तरी बार छातीने पाडते आहे, तर पोल तिला कमी पडतो. पकड एक मूठ वर न्या. पकड वरच्या खुणेपर्यंत पोचली आणि तरी तेच चाललंय, तर पाच पौंडांनी वरचा पोल. उलट ती गादीच्या पुढच्या काठावर उतरते आहे, तर लगेच पकड खाली आणि धाव दोन पावलांनी कमी. ‘जोर लाव, जाईल’ असं म्हणत तीच उडी परत मारायला लावणारा प्रशिक्षक दिसला तर मुलीला घरी न्या.

अव्वल खेळाडूही हीच शिडी चढत जातात. ग्रीसच्या कातेरिना स्टेफानिडीने 2005 मध्ये, पंधराव्या वर्षी, माराकेशच्या जागतिक युवा स्पर्धेत 4.30 मीटरवर सुवर्ण घेतलं. आपल्याकडे 2022 मध्ये रोझी मीना पॉलराजने 4.20 करून व्ही. एस. सुरेखाचा 4.15 चा राष्ट्रीय विक्रम मोडला, यावरून त्या 4.30 चा अंदाज यावा. पण पुढे काय? 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्टेफानिडी पात्रता फेरीतच बाहेर. 2016 ला रिओत 4.85 वर सुवर्ण, 2017 ला पुन्हा लंडनमध्ये 4.91 वर जागतिक अजिंक्यपद. बारा वर्षांत 61 सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला सरासरी पाच. ही तर तेव्हाची जगातली सर्वोत्तम. मग आपल्या पोरीने एका मोसमात दोन पोल ओलांडावेत ही घाई कसली?

रिओचा निकालही बघण्यासारखा आहे. अमेरिकेच्या सँडी मॉरिसनेही 4.85 च ओलांडलं होतं, 4.90 दोघींनाही जमलं नाही, आणि आधीच्या चुका मोजून सुवर्ण स्टेफानिडीला गेलं. पहिल्याच प्रयत्नात बार ओलांडायचा तर त्या दिवशीच्या वाऱ्याला आणि पायांना जुळणारा पोल हातात लागतो. याच मॉरिसचा पोल त्याच वर्षी मे महिन्यात चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्रावाला उडी मारताना तुटून मनगट मोडलं होतं.

पोल तुटतो तो बहुतेक वेळा आधीच्या ओरखड्यामुळे. काचतंतूंच्या थरांना स्पाइकचा खिळा लागला, पोल स्टँडच्या लोखंडावर किंवा बॉक्सच्या धारेवर आपटला, की तंतू कापले जातात आणि पुढे कधीतरी वाकताना तिथूनच जातात. उडी झाल्यावर पोल पडू न देता झेलायला एक माणूस ठेवा. दर आठवड्याला सुती फडकं पोलवरून फिरवा: धागा अडकला तर तिथे बोट लावून बघा. पांढुरका डाग दिसला किंवा वाकताना ‘टक्’ आवाज आला, तर पोल बाजूला. त्याला चिकटपट्टी गुंडाळून परत वापरू नका. वाकायची बाजूही ठरलेली असते, ती रंगाने खूण करून ठेवा. खालचं रबरी बूच झिजलं की काचतंतू थेट पत्र्यावर आदळतात. पोलसोबत दोन बुचं जादा मागवा, आणि मागवताना पोलचा बाहेरचा व्यास कळवा.

नाशिकपुरतं बोलायचं तर आपल्या गावाची ओळख लांब पल्ल्याची. कविता राऊतने सावरपाड्यातून निघून 2010 च्या राष्ट्रकुलात 10,000 मीटरचं कांस्य आणलं, तेव्हा पळण्याचं सामान आणि समज दोन्ही इथे आहे. पोल व्हॉल्टला मात्र सामानाशिवाय सुरुवातच होत नाही. बॉक्स सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडून करून घेता येतो: तळाची लांबी 1 मीटर, पुढे रुंदी 60 सेंटीमीटर, मागे 15, आणि तळ व मागची पाटी यांत 105 अंशांचा कोन. काटकोनात केला तर पोल वाकताना मागच्या पाटीवर घासतो. तळाला पाणी जायला भोकं ठेवा, नाहीतर जुलैत बॉक्सची बादली होते. गादीत मात्र काटकसर नको. किमान 6 बाय 6 मीटर, 80 सेंटीमीटर उंच, आणि बॉक्सच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले तुकडे हवेतच. कुस्तीच्या मॅट एकावर एक रचून भागत नाही.

पोल मुंबईहून कसारा घाटातून आणताना गाडीच्या टपावर तीन ठिकाणी टेकू द्या. दोनच दिले तर मधला भाग सारखा हेलकावे खातो. दोर थेट पोलवर आवळू नका, मागे लाल फडकं बांधा. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत उभा टेकवून ठेवायचा नाही. तो आडवा, नळीत, भिंतीवरच्या तीन खुंट्यांवर. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ऐन अंतिम फेरीत ब्राझीलच्या फाबियाना म्युररचा पोलच सापडेना. त्यामुळे नळीच्या दोन्ही टोकांना मार्करने संस्थेचं नाव, लांबी, पौंड आणि आत किती पोल आहेत तो आकडा लिहा, आणि स्पर्धेला निघताना व परतताना दोन्ही वेळा मोजा.