पीके१३६ अँटिबॉडी: मोठ्या उंदरांत निर्धास्त, पिल्लांत जपून

नवजात उंदराला विषाणूपासून कोणत्या पेशी वाचवतात हे पाहायचं तर एक सरळ वाट आहे: त्या पेशी काढून टाका आणि पिल्लाचं काय होतं ते बघा. एनके (नॅचरल किलर, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या) पेशींसाठी हे काम बहुतेक प्रयोगशाळांत पीके१३६ या क्लोनकडे, म्हणजे एकाच पेशीवंशातून बनवलेल्या अँटिबॉडीकडे असतं. तो १९८४ साली प्रसिद्ध झाला आणि आज बऱ्याच कंपन्या तो विकतात. हा अभिप्राय एका कंपनीबद्दल नाही. पिल्लांवर, विशेषतः उंदरांच्या सायटोमेगॅलोव्हायरसच्या (एमसीएमव्ही) प्रयोगांत, हा क्लोन कसा चालतो याबद्दल आहे.

ऑर्डर देण्याआधी जात बघा. पीके१३६ पेशीवरच्या एनके१.१ या खुणेला चिकटते आणि ती खूण सी५७ब्लॅक/६ जातीच्या उंदरांत असते. बाल्ब/सी, सी३एच, डीबीए यांच्यात ती नाही, त्यामुळे तिथे ही बाटली म्हणजे पाण्यात पैसे. बाल्ब/सीसाठी सशापासून मिळवलेला अँटि-एशियालो जीएम१ हा अँटिबॉडींचा सीरम वापरतात, पण तो बेसोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि चेतलेल्या टी पेशींनाही मारतो. संसर्ग सुरू असताना टी पेशी चेततातच, म्हणून तिथे निकाल वाचणं अवघड होतं.

फ्लो सायटोमेट्रीसाठीच्या (पेशी रंगवून यंत्राने मोजण्यासाठीच्या) बाटलीत बहुधा सोडियम अझाइड हे विषारी प्रिझर्व्हेटिव्ह असतं. ती पिल्लाला टोचायची नाही. ‘इन व्हिवो’ दर्जाची, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलीच घ्यावी आणि एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या आवरणातल्या विषाचा) आकडा मागून घ्यावा. १ मिलिग्रॅममागे २ युनिटांच्या आत असलेला माल सहज मिळतो. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण एंडोटॉक्सिनमुळे पिल्लाची प्रतिकारयंत्रणा आपोआप जागी होते, विषाणू कमी दिसतो आणि दोष भलत्याच पेशींच्या माथी जातो. बाटली ४ अंशांवर ठेवावी. गोठवून वितळवलं की गुठळ्या होतात.

मोठ्या उंदराला २०० ते ३०० मायक्रोग्रॅम पोटात दिलं की काम होतं. पहिल्या दिवसाच्या पिल्लाचं वजन मात्र जेमतेम सव्वा ते दीड ग्रॅम. वजनाच्या हिशेबाने २० ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करावी आणि आपल्या वसाहतीत पेशी खरोखर गेल्या का ते तपासून डोस ठरवावा. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचे २५ मायक्रोलिटर पुरतात. ५० च्या वर जाऊ नये. डोस मात्र पुन्हा द्यावा लागतो. आठवड्याभरात पिल्लू तिपटीच्या आसपास वाढतं, तेवढीच अँटिबॉडी मोठ्या शरीरात पसरते आणि अस्थिमज्जेतून नव्या एनके पेशी येतच राहतात. दर चार-पाच दिवसांनी, नव्या वजनाच्या हिशेबाने.

बहुतेक प्रयोग टोचतानाच बिघडतात. ३० गेजची, सुई जोडलेली ०.३ मिलिलिटरची इन्शुलिन सिरिंज घ्या. तिच्यात द्रव अडकून वाया जात नाही. पिल्लाच्या डाव्या बाजूला कातडीतून दुधाने भरलेलं जठर पांढरं दिसतं, ते टाळा. सुई थेट पोटात न खुपसता मांडीजवळच्या कातडीखालून पुढे न्या, द्रव सोडल्यावर दहा सेकंद थांबा, मग हळू काढा. घाई केली की थेंब बाहेर येतो आणि २५ मायक्रोलिटरमधला एक थेंब म्हणजे जवळपास सगळा डोस. हातमोज्यांना आधी पिंजऱ्यातला भुसा चोळावा, नाहीतर आई पिल्लं टाकते किंवा खाते. आईला मात्र ही अँटिबॉडी देऊ नका: दुधातली आयजीजी (पीके१३६ याच प्रकारची अँटिबॉडी आहे) पिल्लांच्या आतड्यातून रक्तात जाते, म्हणजे कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेल्या) पिल्लांनाही डोस मिळाला. कंट्रोलला नुसतं सलाइन न देता उंदराचीच आयजीजी२ए (सी१.१८.४) द्यावी. आणि विषाणू न दिलेली पिल्लं वेगळ्या पिंजऱ्यात, कारण एमसीएमव्ही लाळेतून पसरतो.

पेशी गेल्या का, हे तपासताना पुन्हा पीके१३६नेच रंगवणं ही नेहमीची चूक. जागा आधीच झाकलेली असते, त्यामुळे पेशी असूनही दिसत नाहीत. एनके पेशींवरची दुसरी खूण, एनकेपी४६, ओळखणारा क्लोन (२९ए१.४) वापरावा. मोठ्या उंदरांत चालणारा डीएक्स५ हा क्लोन पिल्लांत एकट्याने पुरत नाही, कारण तो ओळखतो ती खूण कोवळ्या एनके पेशींवर नसते. प्लीहा आणि यकृत दोन्ही बघा. नुसत्या प्लीहेत एनके पेशी इतक्या कमी सापडतात की कंट्रोल आणि डोस दिलेलं पिल्लू यांतला फरकच कळत नाही.

आता मुख्य तक्रार. ही अँटिबॉडी नुसत्या एनके पेशी काढत नाही, एनके१.१ असलेलं सगळं काढते: एनकेटी (एनकेची खूण असलेल्या टी पेशी) आणि आयएलसी१ (एनके पेशींच्या जवळच्या नात्यातल्या, अवयवांत मुक्काम करणाऱ्या पेशी) सकट. मोठ्या उंदरांत हे खपून जातं. नवजात यकृतात मात्र डीएक्स५ची खूण नसलेल्या, ट्रेल हे प्रथिन असलेल्या, म्हणजे आयएलसी१सारख्या दिसणाऱ्या पेशींचाच भरणा असतो आणि आयएलसी१ एमसीएमव्हीविरुद्ध सुरुवातीलाच इंटरफेरॉन गॅमा हे विषाणूरोधी प्रथिन सोडतात. म्हणून पिल्लांच्या निकालात ‘एनके पेशींनी वाचवलं’ असं लिहिणं धाडसाचं आहे. क्रोएशियातल्या रिजेका इथल्या गटाने २०२१ साली नवजात उंदरांच्या मेंदूबद्दल लिहिताना ‘एनके/आयएलसी१’ असंच म्हटलं. तिथे तर या पेशी वाचवण्याऐवजी दाह वाढवून मेंदूच्या वाढीत अडथळा आणत होत्या. पेशी काढल्यावर पिल्लू सुधारलं, तर दर वेळी डोसच फसला असं समजू नये.

दुसरी मर्यादा क्लोनची नाही, पिल्लाची आहे. सी५७ब्लॅक/६ च्या मोठ्या उंदराला एमसीएमव्हीपासून वाचवणारा एनके पेशींवरचा एलवाय४९एच हा रिसेप्टर विषाणूचं एम१५७ हे प्रथिन ओळखतो. पण एलवाय४९ गटाचे रिसेप्टर जन्मानंतरच्या आठवड्यांत हळूहळू येतात. जे संरक्षण अजून उभंच राहिलेलं नाही ते काढून फार मोठा फरक दिसत नाही, म्हणून पिल्लांची संख्या जास्त धरावी लागते. अशा वेळी उलटी वाट जास्त बोलकी ठरते: मोठ्या उंदराच्या एनके पेशी पिल्लाला द्या. १९८५ सालीच असं दिसलं होतं की त्या दूधपित्या पिल्लांना एमसीएमव्हीपासून वाचवतात, एलसीएमव्ही या दुसऱ्या विषाणूपासून नाही. २००९ साली एलवाय४९एच असलेल्या, पूर्वी संसर्ग पाहिलेल्या एनके पेशी ताज्या पेशींपेक्षा कितीतरी कमी संख्येत पुरल्या.

सी५७ब्लॅक/६ ची पिल्लं, पहिल्या दोन आठवड्यांचा प्रश्न आणि तपासणीला एनकेपी४६ हाताशी असेल, तर पीके१३६ घ्या. पेशी देण्याचा प्रयोग जमणार असेल तर आधी तो करा. दोन्ही पद्धती प्राणी-नीतिसमितीच्या एकाच अर्जात लिहिल्या तर नंतर दुरुस्तीसाठी थांबावं लागत नाही.