ई-कॉमर्स शिकायचंय: बी.कॉम., बीबीए, बीसीए, बीसीएस की इंजिनिअरिंग?

कोल्हापुरात बारावीनंतर ‘ई-कॉमर्समधलं काहीतरी करायचंय’ म्हणणारी मुलं आता सहज भेटतात. कुणाचं घरचं चप्पलचं दुकान असतं, कुणाचे वडील कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापडाच्या होलसेलमध्ये, कुणाच्या घरी हुपरीला चांदीचं काम. आपला माल ऑनलाइन गेला पाहिजे, हे मुलांना पटलेलं असतं. मग त्याच नावाच्या डिग्रीची शोधाशोध सुरू होते.

डिग्रीच्या नावात ‘ई-कॉमर्स’ आहे की नाही, यावर निर्णय घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. या कामाच्या दोन बाजू आहेत. एक म्हणजे ऑनलाइन दुकान उभं करणं: वेबसाइट, डेटाबेस, पेमेंट, सुरक्षा. दुसरी म्हणजे ते चालवणं: हिशेब, जीएसटी, साठा, जाहिरात, परत आलेला माल. दोन्ही बाजू पुरेपूर शिकवेल अशी एकही पदवी नाही. एक बाजू कॉलेजात शिकायची आणि दुसरी आपली आपण भरून काढायची. कुठली बाजू कॉलेजकडे सोपवायची, एवढंच ठरवायचं असतं.

इंजिनिअरिंगचं आधी उरकतो. कॉम्प्युटर किंवा आयटीसाठी बारावी सायन्सला फिजिक्स आणि गणित हवंच, सोबत ठरवून दिलेल्या यादीतला तिसरा विषय, या तीन विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के, शिवाय एमएचटी-सीईटी किंवा जेईई ही प्रवेश परीक्षा. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचं असेल तर हा रस्ता उत्तम. घरचा माल विकायचा असेल तर चार वर्षं आणि ती फी घालवण्याची गरज मला दिसत नाही.

खरी ओढाताण होते ती बीसीए, बीसीएस आणि बी.कॉम. यांच्यात.

बीसीएस, म्हणजे कागदावर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, याला बारावी सायन्स आणि त्यात गणित लागतं. बीसीएला (बॅचलर ऑफ कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स) कुठल्याही शाखेची बारावी चालते, म्हणून कॉमर्सची मुलं तिकडे वळतात. पण २०२४-२५ पासून बीसीए आणि बीबीए (व्यवस्थापनाची पदवी) हे एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, सुरू झाली: १०० प्रश्न, ९० मिनिटं, इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्यज्ञान आणि कॉम्प्युटरची तोंडओळख. पेपर अवघड नाही. गोची वेगळीच आहे. या सीईटीची नोंदणी साधारणपणे बारावीचा निकाल लागायच्या आधीच होऊन जाते. ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणारं घर इथं मागे पडतं. शिवाय ही सीईटी आल्यावर राज्यातल्या काही कॉलेजांनी कोर्सची नावंच बदलली. त्यामुळे माहितीपत्रकावर नेमकं कुठलं नाव छापलंय आणि प्रवेश सीईटीतून आहे की थेट, हे कॉलेजच्या ऑफिसात तोंडावर विचारा.

बीसीएला गणित नसतं, हा समज घेऊन कुणी जाऊ नये. बारावीला गणित सोडलेल्या मुलाला पहिल्या वर्षीच ते पुन्हा भेटतं, आणि बॅकलॉग बहुतेक तिथंच राहतो. बारावी सायन्स आणि गणित बरं असेल तर मी बीसीएस सुचवेन, कारण पाया जास्त पक्का होतो.

आता बीसीए आणि बी.कॉम. शेजारी ठेवून बघू.

समजा, दुकानात सात नंबरचा कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेच्या एका प्रकाराचा, एकच जोड उरलाय. सांगलीच्या आणि पुण्याच्या गिऱ्हाईकाने एकाच सेकंदाला पैसे भरले. पहिल्याचा व्यवहार पुरा होईपर्यंत डेटाबेसने साठ्याची ती नोंद अडवून धरली नाही, तर दोघांनाही ‘ऑर्डर नक्की’ असा मेसेज जाणार आणि एकाचे पैसे परत करावे लागणार. ट्रान्झॅक्शन आणि लॉक म्हणजे काय, ते बीसीए-बीसीएसच्या डेटाबेस विषयात शिकवतात. बी.कॉम.ला हे कानावरही येत नाही.

उलट बाजू बघा. तोच जोड एखाद्या पोर्टलवर जीएसटी सोडून १००० रुपयांना गेला. कमिशन १५ टक्के धरू, म्हणजे १५० रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, २७ रुपये. पोर्टल जीएसटी कायद्याखाली अर्धा टक्का टीसीएस (विकणाऱ्याच्या नावाने आधीच गोळा केलेला कर) कापणार, ५ रुपये. आयकराचा टीडीएस ०.१ टक्के, १ रुपया. कुरिअर धरलंच नाही तरी हातात ८१७. बीसीए झालेला मुलगा १८३ रुपये गेले असं लिहून ठेवेल. बी.कॉम.च्या मुलीला कळेल की यातले ३३ रुपये गेलेले नाहीत: नियमित जीएसटी नोंदणी असेल तर २७ चं क्रेडिट मिळतं, म्हणजे भरायच्या जीएसटीतून तेवढे वजा होतात, ५ रुपये जीएसटी खात्यात जमा दिसतात आणि १ रुपया आयकरात वळता होतो. खरा खर्च १५०. महिन्याला हजारभर जोड जात असतील तर हा फरक ३३ हजारांचा. हे ज्याला दिसत नाही, त्याचं दुकान विक्री वाढूनही तंगीत राहतं.

म्हणून घरचा धंदा तयार असेल आणि बारावी कॉमर्स झाली असेल, तर मी बी.कॉम.च सांगेन. वेबसाइट आज तयार साधनांवर उभी करता येते. हिशेबाची समज विकत मिळत नाही. धंदा नाही, नोकरी हवी आहे आणि लॉजिक जमतं, तर बीसीए. बीबीएमध्ये मार्केटिंग आणि व्यवस्थापन बरं होतं, पण हिशेब बी.कॉम.इतका खोल जात नाही आणि कोडिंग जवळपास नसतंच, म्हणून माझ्या यादीत ते शेवटी येतं. बोलण्यात तरबेज, माणसं जोडणारं मूल असेल तर त्याच्यापुरता हा क्रम बदलेन.

उरलेली बाजू भरायची सोयही नियमांतच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट (श्रेयांक) लागतात, चौथं वर्ष करून ऑनर्स घेतली तर १६० ते १७६. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरून करता येतात, मात्र कॉलेजने आणि विद्यापीठाने ते मान्य केलेले हवेत. बी.कॉम.वाल्यांनी तिथून डेटाबेस घ्यावा, बीसीएवाल्यांनी अकाउंट्स. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम मात्र दोघांनीही स्वतः वाचावेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हे पोर्टलवर बंधनकारक आहे, आणि त्याची झळ शेवटी विकणाऱ्यालाच लागते.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. शिवाजी विद्यापीठाच्या साइटवर अभ्यासक्रमाच्या पीडीएफ असतात. तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरचं पान काढून विषय वाचा. स्वायत्त कॉलेजचा अभ्यासक्रम वेगळा असतो, तो त्यांच्याकडून मागा. ओजेटीला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाला, मुलं कुठं पाठवता, हेही विचारा. इचलकरंजीच्या एखाद्या कापड व्यापाऱ्याकडे परत आलेली पार्सलं उघडून कारणं नोंदवण्याचं काम मिळालं, तर ते एसी ऑफिसातल्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त शिकवतं.

फीचा मुद्दा मुलींच्या पालकांनी जरूर लक्षात घ्यावा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र कॅप राउंड सुरू व्हायच्या आधी हातात पाहिजे, आणि निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात, तेव्हा अर्ज निकालाआधीच टाका.